लॅबच्या ६० मशीनवर आपोआप उबुंटू टाकायचंय, कॉलेजचं नेटवर्क अडवतंय

लॅबवाला_केओपी:
मंडळी, कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळतो. ६० मशीनवर उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकायचंय, प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलीय. एकेका मशीनला पेनड्राइव्ह लावत बसायला वेळ नाही म्हणून पीएक्सई (नेटवर्कवरनं मशीन बूट करणं) करायला घेतलं, जुन्या पीसीवर डीएनएसमास्क हा सर्व्हर प्रॉक्सी मोडमध्ये, म्हणजे आयपी न देता फक्त बूटची माहिती द्यायला, लावलाय कारण आयपी पत्ते कॉलेजचा डीएचसीपी सर्व्हर देतो आणि त्याला हात लावायची परवानगी नाही. मशीनला आयपी मिळतो पण पुढं पीएक्सई-ई५३ ही एरर येऊन थांबतं. शिवाय फायरवॉलचं लॉगिन पान भरल्याशिवाय नेट चालू होत नाही, इन्स्टॉलर ते कसं भरणार? काय करता येईल सांगा की राव.

स्विचपोर्ट:
ई५३ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलं पण त्यात बूट फाइलचं नाव नव्हतं. कॉलेजच्या सर्व्हरचं उत्तर पोचतंय, तुझं पोचत नाही. बहुतेक स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग असणार, ट्रस्टेड (भरवशाचा ठरवलेला) पोर्ट सोडून कुठनंही ऑफर, म्हणजे डीएचसीपीचं उत्तर, आली की स्विच ती टाकून देतो. आणि ते असावंच, नाहीतर होस्टेलवर कुणी घरचा राउटर उलटा जोडला की कॅम्पसभर चुकीचे आयपी जातात. आधी सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं टूल) लावून पोर्ट ६७ आणि ४०११ बघ, ऑफर निघतेय का ते कळेल. निघत असेल तर नेटवर्क इन्चार्जना भेटून तेवढा एक पोर्ट ट्रस्टेड करून माग.

करवीरकर_लिनक्स:
भावा, त्या अर्जावर सह्या होईपर्यंत परीक्षा येईल. इन्चार्जना सांगून लॅबची अपलिंक केबलच (कॉलेजच्या नेटवर्कला जोडणारी) थोडा वेळ काढ. जुन्या पीसीत दुसरं लॅन कार्ड घाल, राजारामपुरीत मिळेल, एक कार्ड कॉलेजच्या नेटवर्कला आणि दुसरं लॅबच्या स्विचला. मग लॅबमध्ये डीएचसीपी तुझा, बूट फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हरही तुझा. फक्त लॅबचा स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल तर स्नूपिंग त्यातही असेल, तेवढ्यापुरते साधे स्विच लाव. लॉगिन त्या एका पीसीवर एकदा करायचं, त्यावर एपीटी-कॅशर-एनजी (उबुंटूची पॅकेजं साठवून ठेवणारा प्रॉक्सी) चालवायचा, पोर्ट ३१४२, आणि ऑटोइन्स्टॉलच्या, म्हणजे इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच देणाऱ्या, फाइलीत प्रॉक्सी म्हणून तोच द्यायचा. पहिल्या मशीननं ओढलेलं पॅकेज बाकीच्यांना कॅशमधनं मिळतं, ६० मशीनचा भार कॉलेजच्या लाइनवर येतच नाही.

लॅबवाला_केओपी:
हे एकदम पटलं, साधे स्विच स्टोअरमध्ये आहेत. पण निम्म्या मशीनला रॅम ४ जीबीच आहे, चालेल का?

स्विचपोर्ट:
यूआरएल देऊन डेस्कटॉपची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) बूट केलीस तर ती अख्खी रॅममध्ये उतरते, जवळपास ६ जीबी, बसणारच नाही. आयएसओ सर्व्हरवर माउंट करून एनएफएसवरनं (नेटवर्कवरनं फोल्डर शेअर करून) दे.

करवीरकर_लिनक्स:
आणि कळकळीनं सांगतो, ऑटोइन्स्टॉलच्या फाइलीत स्टोरेजला लेआउट डायरेक्ट लिहिलंस की इन्स्टॉलर काही न विचारता डिस्क पुसतो. पोरांचे प्रोजेक्ट विंडोजच्या पार्टिशनवर असतील तर आधी काढून घे, मग एकाच मशीनवर चालवून बघ. युझर-डेटाच्या (तीच ऑटोइन्स्टॉलची फाइल) शेजारी मेटा-डेटा नावाची फाइल हवीच, रिकामी चालते, आणि ग्रब या बूटलोडरमध्ये ती फाइल कुठं आहे ते सांगणाऱ्या ओळीत नोक्लाउडच्या पुढचा सेमीकोलन कोटमध्ये घाल नाहीतर ग्रब ओळ तिथंच तोडतो. काम झालं की अपलिंक जोडायच्या आधी डीएनएसमास्क बंद कर.