फुटबॉलसाठी नको, कुस्तीसाठी घ्या

मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकतेय म्हणून बिग टेन नेटवर्कसाठी (मिशिगन ज्यात आहे त्या 'बिग टेन' या अमेरिकन विद्यापीठांच्या गटाचे सामने दाखवणारं चॅनल) टीव्हीचं वरचं पॅकेज घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. नुसतं (अमेरिकन) फुटबॉल बघायचं असेल तर थांबा. 2023 पासून बडे सामने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी वाटून घेतात. या चॅनलच्या वाट्याला बरेचदा सप्टेंबरातल्या दुबळ्या पाहुण्यांविरुद्धच्या लढती येतात. अर्थात पाहुण्यांना हसू नये! चॅनल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, 1 सप्टेंबर 2007, आणि अ‍ॅपलाचियन स्टेट या अशाच पाहुण्या विद्यापीठाने मिशिगनच्या गावात, अ‍ॅन आर्बरला येऊन मिशिगनला 34-32 असं पाणी पाजलं. मिशिगनची शेवटच्या क्षणाची फील्ड गोलची (गुण देणारी) किक अडवली गेली, खेळ खलास. कॉमकास्ट कंपनीची केबल असणाऱ्यांना तेव्हा हे चॅनलच दिसत नव्हतं, म्हणून हा सामनाही नाही.

आमच्याकडे ते चालू आहे ते व्हॉलीबॉल आणि कुस्तीमुळे. ऑगस्ट 2023 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने व्हॉलीबॉलचा सामना थेट फुटबॉलच्या स्टेडियमात भरवला, 92,003 प्रेक्षक! माझा चहा गार झाला. साताऱ्याहून आलेले सासरे आयोवाची कुस्ती बघताना आधी "माती कुठंय?" म्हणून नाक मुरडायचे; आठवड्याभरात रिमोट त्यांच्याच मांडीवर.

आणि हो, बिग टेन प्लस हे ऑनलाइन सबस्क्रिप्शन वेगळं आहे. त्यात चॅनलवरचे सामने थेट दिसत नाहीत. मी न वाचता वर्षाचे पैसे भरून बसलो होतो.