कांजण्या झालेल्या मुलाच्या पालकांना पक्षाघाताबद्दल सांगावं का?

अदिती: सांगायलाच हवं. माझ्या चार वर्षांच्या भाच्याच्या कांजण्यांच्या खपल्या पडून तीन महिने उलटले होते. सकाळी खाताना डाव्या हातातून चमचा दोनदा निसटला. वाटलं, खेळतोय. मग ओठ एका बाजूला ओढलेला दिसला. एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर, बेसल गँग्लियात, रक्तपुरवठा तुटलेला. ‘वर्षभरात कांजण्या आल्या होत्या का?’ हा प्रश्न तिथे पहिल्यांदा ऐकला.

समीर: वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे. प्रमाण साधारण १५ हजारांत एक असं मानतात. एका मुलासाठी बाकी हजारो घरांत धास्ती कशाला पेरायची? हाताला मुंग्या आल्या तरी लोक रात्री दवाखाना गाठतील.

मृणाल: २०१४ च्या ब्रिटिश अभ्यासात कांजण्यांनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलांमध्ये हा धोका सुमारे चौपट दिसला. मुळात तो इतका कमी की चौपट होऊनही कमीच, समीर यांचं तेवढं बरोबर. पण पुरळ गेलं तरी विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो. तिथून तो मेंदूच्या धमनीपर्यंत पोचला तर तिची भिंत सुजते, वाट अरुंद होते. तोवर घरी सगळे कांजण्या विसरलेले असतात.

समीर: मग लस द्या, विषय संपला. पण तीही जिवंत विषाणूचीच ना?

मृणाल: हो, दुबळा केलेला विषाणू. अमेरिकेत ३० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २००९ मध्ये निष्कर्ष आले. लसीनंतर पक्षाघात वाढल्याचं दिसलं नाही. पण ज्यांना कांजण्या होऊन गेल्यात त्यांचं काय?

अदिती: आम्हाला आणखी एक गोंधळ निस्तरावा लागला. कांजण्यांच्या तापात अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही, रेज सिंड्रोम या यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मीळ आजाराची भीती, हे ताईला पाठ होतं. पक्षाघातानंतर डॉक्टरांनी तीच गोळी छोट्या डोसमध्ये लिहून दिली, तेव्हा ती घाबरून चिठ्ठी परत घेऊन गेली.

समीर: ठीक आहे, सांगा. पण ‘एका बाजूचा हात, पाय, चेहरा अचानक लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर लगेच या’, एवढंच. पक्षाघात हा शब्द नको.

अदिती: तो शब्द हवाच. तो माहीत नव्हता म्हणून आम्ही हात झोपेत अवघडला असेल असं म्हणत दुपारपर्यंत थांबलो.