मदत हवी आहे: हाडांसाठी वेट ट्रेनिंग करायचंय, पर्सनल ट्रेनर लावू का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

वय ५३, पाळी गेलेली, बीपीची गोळी चालू. नुकताच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे १.९ आला. म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायला लागलीत. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती वॉकरशिवाय कधी चाललीच नाही. त्यामुळे हा आकडा मला फार लागलाय.

डॉक्टर म्हणाले, चालताय ते चालू ठेवा, पण तेवढ्याने भागणार नाही, वजनं उचला. मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने चालते. तिथल्या मैत्रिणी म्हणतात, सूर्यनमस्कार घाल, ट्रेनरला पैसे कशाला देतेस? पण पाठ गोल करून पुढे वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. शिवाय हाडांवरचा भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो, आणि सूर्यनमस्कारात तो आपल्या वजनाएवढाच राहतो.

म्हणून घराजवळच्या एका जिममध्ये ट्रायल घेतली. ट्रेनर मुलगा चांगला, अदबीने बोलणारा. पण रिपोर्ट दाखवला तर वरवर बघून परत दिला, आणि लगेच सिट-अप्स सांगितले. म्हणजे नेमकं तेच वाकणं! मी थांबले, तर म्हणाला, "काकू, थोडं दुखलं तरच फायदा होतो." वर प्रोटीन पावडरचा डबाही सुचवला. महिन्याला १२ सेशनचे ६,००० रुपये.

दुसऱ्या एक ट्रेनर ताई कॉलेज रोडला शिकवतात. त्यांनी पहिल्या भेटीत वजनाला हातच लावू दिला नाही. आधी गोळ्या कुठल्या, कधी पडलात का, गुडघे कसे आहेत, सगळं वहीत लिहून घेतलं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायला लावली. उठताना मी श्वास कोंडून धरत होते, ते त्यांनी लगेच पकडलं. "उठताना श्वास सोडा, रोखलात तर बीपी चढेल." मग एक लाकडी काठी पाठीला लावली, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं ठेवून कमरेतून कसं झुकायचं ते दाखवलं. आयुष्यभर बादली उचलली, पण कशी उचलायची हे कुणी सांगितलं नव्हतं. यांची फी मात्र १२ सेशनचे ११,००० आणि संध्याकाळी मुंबई नाका ओलांडून जायचं म्हणजे वेळेचा काही भरवसा नाही.

मन ताईंकडे ओढतंय, पण पगारातून दर महिन्याला एवढे देणं जमणार नाही. माझा विचार असा: तीन महिने त्यांच्याकडे नीट शिकायचं आणि पुढे घराजवळच्या जिमची साधी मेंबरशिप घेऊन एकटीने करायचं. हाडांतला फरक काही तीन महिन्यांत दिसत नाही, डॉक्टरांनी पुढचा स्कॅन दोन वर्षांनी करायला सांगितलाय. त्यामुळे मला स्वतःला किती करता येतं, यावरच ट्रेनरचं मोल ठरवावं लागेल.

तर अनुभवी लोकांनी कृपया सांगा. स्क्वॉट (वजन घेऊन उठबस), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) वगैरे एकटीने सुरक्षित करण्याइतकं तीन महिन्यांत शिकून होतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २०२० च्या शिफारशींत ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितलाय, मग १२ ऐवजी ८ सेशन मागितली तर चालेल? ट्रेनर कमी सेशन द्यायला तयार होतात का? की आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावा आणि तो कागद घेऊन जिममध्ये जावं? आणि ट्रेनरचं सर्टिफिकेट मागितलं तर त्यात नेमकं काय बघायचं?

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको भागात पन्नाशीपुढच्या बायकांना शिकवणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विशेषतः ज्यांना स्वतःला ऑस्टिओपेनिया आहे आणि ज्या वजनं उचलतात, त्यांनी किती किलोपासून सुरुवात केली, हे जरूर लिहा.