१८९७ च्या प्लेगवरचा खेळ: खेळणाऱ्याला सगळे आधीच ठाऊक असते, त्याचे काय करावे?

कसब्यातला_भाडेकरू

नमस्कार मंडळी,

गेले वर्षभर आम्ही तिघे मित्र नोकऱ्या सांभाळून एक छोटा मराठी संगणकीय खेळ तयार करीत आहोत. काळ मार्च १८९७, स्थळ कसबा पेठेतील एक वाडा, आणि त्यात भाड्याने राहणारे पाच माणसांचे बिऱ्हाड. खेळणारा त्या घरच्या थोरल्या सुनेच्या भूमिकेत असतो. धाकट्या दिराला रात्री ताप भरतो, पहाटे त्याच्या जांघेत गाठ हाताला लागते, आणि दिवस उजाडता उजाडता आळीच्या तोंडाशी घरोघर प्लेगचे रोगी शोधणारी सोजिरांची (गोऱ्या सैनिकांची) तुकडी आल्याचे शेजारीण येऊन सांगते. येथून पुढे खेळणाऱ्याने ठरवायचे असते: दिराला पथकाच्या स्वाधीन करायचे, धान्य साठवायच्या रिकाम्या बळदात लपवायचे, की बैलगाडी मिळवून रातोरात मुळशीकडे सुनेच्या माहेरी धाडायचे.

गेल्या महिन्यात कोथरूडमधील एका महाविद्यालयात चौदा विद्यार्थ्यांना आम्ही हा खेळ खेळायला दिला. जवळजवळ सगळ्यांनी क्षणभरही न घुटमळता दिराला पथकाच्या स्वाधीन केले. कारण विचारले, तर "विलगीकरण नको का करायला?" असा उलट प्रश्न आला. ही मुले २०२० साली शाळेत होती आणि तेव्हा शिकलेला धडा त्यांनी १८९७ ला जसाच्या तसा लावला. एकीने तर लपवणारे लोक अडाणी होते, असा अभिप्रायच लिहून दिला. ज्या माणसांविषयी आपुलकी वाटावी म्हणून हा खटाटोप केला, त्यांच्याविषयी तुच्छता घेऊन मुले बाहेर पडली, याचे मला फार वाईट वाटले. (या आपुलकीला सहानुभूती म्हणावे की समानुभूती, यावर आमच्यात एकदा दोन तास वाद झाला होता. तो येथे नको.)

पडद्यावर वरच्या बाजूला प्रकृती, अब्रू आणि पैसा अशा तीन पट्ट्या आहेत आणि प्रत्येक निर्णयानंतर त्या कमी-जास्त होतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की खेळाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली त्या वेळी, गणेशखिंड रस्त्यावर व्हावा आणि तेथे खेळणाऱ्याच्या हाती पिस्तूल द्यावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

दप्तरी_उंदीर

आपल्या विद्यार्थ्यांचे उत्तर निव्वळ वैद्यकाच्या कसोटीवरही चुकीचे ठरते, आणि माझ्या मते तुमच्या अडचणीवरचा उपाय नेमका तेथेच आहे.

करोना श्वासावाटे पसरत होता. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. रोग फुप्फुसात उतरला तर तो श्वासावाटेही पसरतो, हे खरे. पण जांघेत गाठ आलेल्या मुलाला उचलून नेल्याने त्या घरातील उंदीर आणि पिसवा होत्या तेथेच राहत. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. परंतु पिसवांचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे तुमच्या गोष्टीच्या मार्चमध्ये रँडसाहेबाला, सोजिराला, वैद्याला आणि सुनेला, यांच्यापैकी कोणालाही खरे कारण माहीत नव्हते. मुंबईत १८९६ मध्ये साथ मांडवीच्या धान्याच्या वखारींच्या भागात प्रथम उघडकीला आली. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे दगावतात, हे लोकांच्या लक्षात येत गेले आणि पुढील साथींत घर सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची रीतच पडली. ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, त्यात पुष्कळदा हे डोळ्यांनी पाहिलेले शहाणपण होते.

तेव्हा उंदीर खेळात आणा, पण त्यांच्याविषयी कोणी काही समजावून सांगू नये. पहिल्या दिवशी सून केर काढत असताना जात्याजवळ एक मेलेला उंदीर तिला दिसतो. तो शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायचा, की सासऱ्यांना सांगायचे, की केरसुणीने बाजूला सारून कामाला लागायचे? खेळणारा दिराच्या निर्णयापाशी पोहोचेपर्यंत हा प्रसंग विसरलेला असेल, आणि खरा निर्णय बहुधा तेव्हाच होऊन गेलेला असेल.

आता स्वाधीन करण्याविषयी. साथरोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला, पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि १३ मार्चपासून लष्कराच्या मदतीने घरझडत्या सुरू झाल्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात नेत आणि घरच्या इतर माणसांना वेगळ्या छावणीत ठेवत. घराची जमीन उकरणे, चुना फासणे, फिनेल शिंपडणे, कपडे आणि अंथरुणे जाळणे हे त्याच्या पाठोपाठ येई. सोजीर माजघरात आणि देवघरात शिरत, बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून होई, अशा तक्रारी त्या वेळच्या वृत्तपत्रांतून सतत येत होत्या. इस्पितळात गेलेला माणूस परत येईल याचा भरवसा कोणालाच नव्हता, कारण रोगावर औषधच नव्हते. एवढे सगळे जिच्या डोळ्यांसमोर आहे, तिने क्षणभर तरी घुटमळणे हेच स्वाभाविक नव्हे काय? तुमच्या खेळात हे सगळे निर्णयानंतर कळते. ते आधी, शेजारच्या खोलीवर ओढवलेले दिसले पाहिजे.

---

औंधचा_कोडवाला

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. रचनेच्या बाजूने थोडे लिहितो.

त्या तीन पट्ट्या आजच काढून टाकाव्यात. पट्टी दिसली की माणूस माणसांचा विचार सोडतो आणि हिशेब करू लागतो; अब्रू चाळीस टक्क्यांवर आल्याचे कळल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येत नाही. आकडे आत ठेवा, पडद्यावर परिणाम दाखवा. अब्रू घटली, तर नळावर शेजारीण बोलायची थांबली असे दिसू द्या. पैसा संपला, तर भाकरीबरोबरचे कालवण नाहीसे होऊ द्या.

दुसरे, परिणाम लगेच देऊ नका. निर्णयानंतर लागलीच फळ दिले की खेळाची प्रश्नमंजूषा होते, आणि विद्यार्थी प्रश्नमंजूषेत तरबेज असतात. 'पेपर्स, प्लीज' या २०१३ च्या खेळात आपण सीमेवरील तपासनीस असतो. तेथे दिवसभर कागद तपासायचे आणि संध्याकाळी भाडे, अन्न, घरातील ऊब यांचा खर्च त्याच मिळकतीतून भागवायचा असतो. एखाद्या माणसाला दया दाखवली, तर त्याची किंमत घरच्या ताटातून जाते. तत्त्व एवढेच की निवड करताना हात दुसऱ्या कामात अडकलेला असावा. तुमची सून निर्णय घेताना चूल पेटवत असेल, सासूबाईंना हाका मारत असेल आणि दारावर थाप पडलेली असेल, तर "विलगीकरण नको का" हे वाक्य इतक्या सहज सुचणार नाही.

फाटे मात्र वाढवू नका. प्रत्येक निर्णयाला वेगळी गोष्ट लिहायला बसलात तर तिघांच्या नोकऱ्या जातील. प्रसंग तेच ठेवावेत, त्यांतील माणसांचे वागणे आधीच्या निर्णयांनुसार बदलावे. जाता जाता एक रडगाणे: खेळ तयार करायच्या अनेक इंजिनांत (सॉफ्टवेअरमध्ये) देवनागरी जोडाक्षरे अजूनही फुटतात. माझ्या एका खेळात 'स्थिती' या शब्दातील पहिली वेलांटी 'स' आणि 'थ' यांच्या मध्येच जाऊन बसली होती आणि शब्द उघडा पडल्यासारखा दिसत होता. गोदो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत हा प्रश्न सुटला आहे. ट्वाईन हे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टी लिहिण्याचे साधन वापरत असाल तर काळजी नाही, कारण तेथे अक्षरे ब्राउझरच जुळवतो.

---

निवृत्त_बाई

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. पिस्तुलाविषयी आपल्याला जे खटकते आहे, ते असे मांडता येईल: त्या रात्री काय झाले हे पुण्यातील प्रत्येक मुलाला पाठ असते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ, गव्हर्नमेंट हाऊसहून परतणाऱ्या गाड्या, रँडवर झाडलेली गोळी, जागीच ठार झालेला लष्करी अधिकारी आयर्स्ट, आणि ३ जुलैला झालेला रँडचा मृत्यू. यात खेळणाऱ्याने निवडायचे ते काय? त्याने गोळी झाडली तर पाठ म्हटल्यासारखे होईल आणि नाही झाडली तर खेळ खोटा ठरेल. चापेकर बंधूंचे जे झाले ते अत्यंत गंभीर आहे, त्याचे बटण करू नये. तुमच्या घराला ही घटना जशी ऐकू आली असती तशीच येऊ द्या. त्या रात्री दूरवर दारूकाम चाललेले आहे. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुजबुज, आणि मग शहरावर बसवलेले जादा पोलीस, ज्यांचा खर्च शहरानेच सोसायचा.

त्याऐवजी दुसरा एक प्रसंग सुचवते. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या गैरवर्तनाविषयी तेथील वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. सरकारने पुरावा मागितला, पण नाव घेऊन उभे राहायला कोणी तयार झाले नाही आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. वर्गात हे शिकवताना मुले नेहमी विचारीत, "मग ते सगळे खोटे होते का?" मी त्यांना विचारी, "तुमच्या आईवर असा प्रसंग आला, तर तुम्ही तिचे नाव छापून देऊ द्याल का?" वर्ग गप्प होई.

तुमच्या सुनेपुढे असा कागद येऊ द्या. कोणी ओळखीचा गृहस्थ येतो आणि झडतीच्या दिवशी माजघरात काय घडले ते लिहून खाली सही करायला सांगतो. येथे आजच्या मुलाला कोणतेही तयार उत्तर पाठ नाही.

---

येरवड्याचा_शंकेखोर

सगळे ठीक आहे, पण मला एक टोचते. माजघर, देवघर, बळद, अब्रू. म्हणजे प्लेगची गोष्ट पुन्हा एकदा त्याच घरांची झाली. ज्यांनी उकरलेली माती वाहिली, फिनेलच्या बादल्या उचलल्या, प्रेते हलवली, त्यांच्या घरांत काय चालले होते? झडतीच्या पथकांत देशी शिपाईही होते. त्यांतील एकाला रात्री आपल्याच काखेत गाठ लागली, तर तो कोणाला सांगेल?

शिवाय मंडळींच्या लक्षात आणून देतो की सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तेथे आणल्याचे सांगतात. कृपा करून त्यांना तुमच्या खेळात झडती अडवणारी वीरांगना करू नका. झडत्या सुरू व्हायच्या तीन दिवस आधीच त्या गेल्या होत्या. गोळीबाराच्या रात्री ज्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये समारंभ होता, ती वास्तू आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. एकाच साथीचे हे दोन धागे तेथे एकत्र येतात, पण त्या दरवाजातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

---

कसब्यातला_भाडेकरू

सर्वांचे मनापासून आभार. तीन पट्ट्या काल रात्रीच काढल्या आणि पिस्तुलाचा प्रसंग मागणाऱ्या मित्रानेही बाईंचा प्रतिसाद वाचून तो मागे घेतला. शंकेखोर यांची हरकत योग्य आहे. आमच्या आराखड्यात झडतीच्या दिवशी दिराच्या खोलीत चुना फासायला येणारा एक माणूस होता, त्याला बोलायला एकही वाक्य नव्हते. दुसरा दिवस आता त्याच्या घरून सुरू होईल. त्याला रोजगार हवा आहे, म्हणून झडत्या थांबू नयेत असे वाटते, आणि आपल्या वस्तीत पथक येऊ नये असेही वाटते. त्याची निवड कोणती, हे अजून लिहायचे आहे.

सहीचा प्रसंग घेतला आहे. फक्त एक अडचण आहे: सून एकोणीस वर्षांची आहे. तिने सही करावी की अंगठा उठवावा?

---

निवृत्त_बाई

अंगठा गृहीत धरू नका. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली होती आणि फुल्यांची भिडे वाड्यातील शाळा त्याच्या कितीतरी आधी, १८४८ ची. तुमच्या सुनेचे माहेर मुळशीकडे दाखवले आहे, ते बदलून शहरात आणले तर ती लग्नापूर्वी दोन-तीन इयत्ता शिकलेली असू शकते. सासरी हे फारसे कोणाला ठाऊक नसेल. मग तो गृहस्थ शाईचा ठसा घेण्यासाठी तिचा अंगठा मागेल, तेव्हा लेखणी मागायची की गप्प राहून अंगठा पुढे करायचा, हेही तिनेच ठरवायचे.