मदत हवी आहे: सीडीच्या पहिल्या गाण्याच्या आधी लपवलेलं गाणं काँप्युटरवर कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

कपाटातल्या सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) रिप करायचं, म्हणजे काँप्युटरवर उतरवून घ्यायचं, काम काढलंय. 'क्वीन्स ऑफ द स्टोन एज' ह्या रॉक बँडच्या 'साँग्ज फॉर द डेफ' ह्या अल्बमवर (२००२) गाडी अडली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्या सीडीत पहिल्या गाण्याच्याही आधी एक तुकडा दडवलेला आहे, 'द रिअल साँग फॉर द डेफ'. साध्या सीडी प्लेअरवर पहिलं गाणं लावून रिवाइंडचं बटण दाबून धरलं की आकडे उणेमध्ये जातात आणि दीडेक मिनिट मागे गेल्यावर हा तुकडा सापडतो. गाणं म्हणावं असं त्यात फारसं काही नाही, नुसती खर्जातली घरघर. पण ऐकू न येणाऱ्यालाही छातीत जाणवेल असं काहीतरी करायचं, ही कल्पनाच मला भन्नाट वाटते. स्पीकर बरे असतील तर टेबल थरथरतं.

प्लेअरवर वाजतं, म्हणजे सीडी ठीक आहे. काँप्युटरला मात्र ते दिसतच नाही. यादी थेट पहिल्या गाण्यापासून सुरू होते आणि रिवाइंड केलं तरी शून्याच्या मागे जात नाही. विंडोज आहे, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी रिप करायचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे, ड्राइव्ह यूएसबीचा, स्वस्तातला. काय करू?

जाता जाता दुसरा प्रश्न. निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बममध्ये (१९९१) बाराव्या ट्रॅकवर 'समथिंग इन द वे' संपल्यावर दहाएक मिनिटं शांतता आणि मग 'एंडलेस, नेमलेस' आहे. ते तोडून वेगळी फाइल करावी का?

प्रतिसाद १

सीडीच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते, तीत प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो तेवढंच लिहिलेलं असतं. पहिल्या ट्रॅकच्या आधी नियमाप्रमाणे दोन सेकंदांची मोकळी जागा लागते. ह्या लोकांनी ती जागा ताणून लांब केली आणि त्यात आवाज भरला. काँप्युटर अनुक्रमणिका वाचून सरळ पहिल्या ट्रॅकवर उडी मारतो, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत पहिल्या ट्रॅकची सुरुवातीची वेळ बघा. नेहमीच्या सीडीला तिथे शून्य असतं. तुमच्याकडे दीड मिनिटाच्या आसपास आकडा असेल. मग ॲक्शन मेनूतून 'कॉपी रेंज' घ्या, सुरुवात शून्यावर ठेवा आणि शेवट पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीवर.

प्रतिसाद २

वरचं बरोबर, पण ड्राइव्हची भानगड आहे. काही ड्राइव्ह हा भाग वाचतच नाहीत, आणि काही तर नुसती शांतता कॉपी करून देतात, एररही दाखवत नाहीत. त्यामुळे फाइल तयार झाली म्हणजे काम झालं असं समजू नका, वाजवून बघा. कोणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला ड्राइव्ह वापरा.

'नेव्हरमाइंड' कृपया तोडू नका! ती शांतता हाच तर खेळ आहे. अल्बम संपला समजून माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि मग तो गोंगाट अंगावर येतो. आणि आधी तुमच्या प्रतीत ते गाणं आहे ना, ते बघा. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या प्रतींत मास्टरिंगच्या वेळी (सीडी छापण्याआधी अंतिम प्रत तयार करताना) ते राहून गेलं होतं, बँडचा गायक कोबेनने हटकल्यावर पुढच्या प्रतींत आलं. बारावा ट्रॅक वीस मिनिटांच्या वर असेल तर आहे, चारेक मिनिटांचा असेल तर नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वेळ खरंच दीड मिनिटाच्या पुढे दाखवतोय. 'कॉपी रेंज'ने फाइल झाली, पण निव्वळ शांतता! ड्राइव्हच नडला. भावाच्या जुन्या डेस्कटॉपवर केलं आणि आलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरघर.

'नेव्हरमाइंड'चा ट्रॅक वीस मिनिटांच्या वर आहे. तसाच ठेवतो.

आता ह्या फाइलला ट्रॅक क्रमांक काय देऊ? शून्य दिला तर फोनवरचा प्लेअर तिला यादीच्या शेवटी टाकतो.

प्रतिसाद १

क्रमांक शून्यच ठेवा आणि फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ०० लिहा. मग प्लेअरमध्ये अल्बम न उघडता फोल्डर उघडून वाजवा, क्रम बरोबर लागेल.