डोंगरावर राबणाऱ्या स्वयंसेवकांचा सन्मान नेमका कसा करायचा?

मधली_पायवाट विचारतात:
आमचा गट एका टेकडीवर काम करतो. घाणेरी (लँटाना, झपाट्याने फोफावणारं परदेशी झुडूप) काढणं, पायवाटांची डागडुजी, लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात पाणी. ५ डिसेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, वर्षानुवर्षं येणाऱ्यांचा सन्मान करायचं घाटतंय. समितीला व्यासपीठ, पाहुणे, स्मृतिचिन्हं, प्रमाणपत्रं असा नेहमीचा थाट हवाय. पण ज्यांच्यासाठी हे चाललंय, त्यातले बरेच जण म्हणतात, "आम्हाला त्यात ओढू नका." एका काकांनी तर सरळ सांगितलं, "त्या दिवशी रोपांना पाणी सोडायची पाळी माझी आहे." कुणी काही वेगळं केलंय का?

कुदळवाला:
समारंभाला माझा विरोध नाही, तिथल्या भाषणांचा आणि प्रमाणपत्रांचा वैताग आहे. "निसर्गावर निस्सीम प्रेम" हे कुणाच्याही नावापुढे चिकटतं. त्यापेक्षा नेमकं काम सांगा.

घाणेरीचंच घ्या. वरून छाटली की ती आणखी जोमाने फुटते. फुटवे जिथून येतात त्याच्याही खाली, जमिनीत मूळ तोडावं लागतं. मग झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा रुजत नाहीत. हे सगळं फळं पिकायच्या आत, नाहीतर पक्षी बी घेऊन पसार. आणि साफ केलेल्या जागी पुढची काही वर्षं परत परत जाऊन नवी रोपटी उपटावी लागतात. हे शेवटचं काम करणारा फोटोत कधीच नसतो, कारण फोटो काढण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. त्याच्या नावापुढे लिहा, "झऱ्याच्या वरच्या अंगाला घाणेरी परत येऊ दिली नाही." बास.

दुसरं, तुम्ही मोजता काय ते बघा. लावलेल्या झाडांचा आकडा जाहीर केलात तर कौतुक एका सकाळच्या खड्ड्यांचं होतं. केनियात वांगारी माथाईंनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. तिथे रोपं लावणाऱ्या बायकांना छोटासा मोबदला मिळायचा, तो रोप जगल्यावर. माथाईंचं २००४ चं नोबेल सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला ती मोबदल्याची अट जास्त शहाणपणाची वाटते.

तिसरं, जागा नेमून द्या. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही जवळपास साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट १९३७ मध्ये पूर्ण झाली आणि आजही मुख्यतः स्वयंसेवकच सांभाळतात. मंडळांनी वाट वाटून घेतलीय, त्यातही एकेका माणसाकडे ठरावीक तुकडा असतो. आडवी पडलेली झाडं कापून वाट मोकळी करणं, पाण्याने माती वाहून जाऊ नये म्हणून दगड-ओंडके तिरपे बसवणं, सगळं त्याच्याकडे. तुमच्या जुन्या लोकांना असा तुकडा द्या, आणि तिथे काय लावायचं, काय काढायचं हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

रोपवाटिका_ताई:
कुदळवाले, प्रमाणपत्राला एवढी नावं ठेवू नका. आमच्याकडच्या कॉलेजच्या मुलींना "दर रविवारी कुठे जातेस" याचं घरी उत्तर द्यावं लागतं. तो कागद तिथे उपयोगी पडतो. शिवाय सत्कार बघणाऱ्यांसाठीही असतो. जादव पायेंग १९७९ पासून ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटावर झाडं लावत होते, २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव आज शाळकरी मुलांना माहीत आहे ते अशा गौरवांमुळेच.

कुदळवाला:
मुलींचं पटलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं. प्रमाणपत्र जरूर द्या, पण त्यावर काय काम केलं ते असू दे आणि सही सोबत राबलेल्या माणसाची घ्या. पाहुण्यांची कशाला? पायेंगांचं मात्र उलटं वाचतो मी. पद्मश्रीच्या आधी छत्तीस वर्षं, आणि तेवढ्यात जंगल उभं राहिलं होतं!

मधली_पायवाट:
समितीपुढे मांडलं. नेमून दिलेल्या जागांची कल्पना आवडली, भाषणं तिघांवरून एकावर आली. काकांना विचारलं तर म्हणाले, पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्याकडे राहू द्या, दर वेळी मागावी लागते.

कुदळवाला:
आजच द्या. त्यासाठी डिसेंबर कशाला उजाडायला हवा?

रोपवाटिका_ताई:
एक राहिलं. यादी फक्त यंदाच्या हजेरीवरून करू नका. गुडघे गेले म्हणून चढायचे थांबलेले लोक त्यात येणारच नाहीत. त्यांना बी निवडायला, रोपांच्या नोंदी ठेवायला बोलवा. आणि टेकडीचा नकाशा समोर ठेवून विचारा की पूर्वी पाणी कुठे झिरपायचं, कुठली झाडं आपोआप उगवायची. यंदाची लागवड कुठे करायची ते त्यावरूनच ठरवता येईल.