कॅरॅव्हनच्या इंजिनाला दर वेळी हॉट स्टार्ट (सुरू होतानाच अति तापणं), मदत हवी आहे

मंडळी, चार दिवस एकाच जागी अडकलोय. सिम्युलेटरमध्ये सेसना २०८ कॅरॅव्हन विमान, पीटी-६ टर्बोप्रॉप इंजिन. बॅटरी ऑन, व्होल्टमीटर २४ च्या वर, बूस्ट पंप ऑन, पॉवर लिव्हर आयडलला, प्रॉप लिव्हर पूर्ण पुढे, फ्युएल कंडिशन लिव्हर (याने इंधन चालू-बंद होतं) कटऑफला. मग स्टार्टर. एनजी (इंजिनाच्या कॉम्प्रेसरचा फिरण्याचा वेग) १२ टक्क्यांवर स्थिरावेपर्यंत कंडिशन लिव्हरला हात लावायचा नाही, हे मला पाठ आहे आणि मी लावतही नाही. तरी एनजी जेमतेम ५-६ ला असते तोवर आयटीटी (टर्बाइनमधल्या वायूंचं तापमान) उसळते आणि १०९० अंशांची मर्यादा ओलांडते. इंजिन खलास. वाऱ्याकडे नाक करून पाहिलं, विमान पुन्हा लोड करून पाहिलं. इमर्जन्सी पॉवर लिव्हरही (इंधन नियंत्रक बिघडला तर वापरायचा) नॉर्मललाच आहे. आता काय बघू? मला हे नीट, हातानेच सुरू करायला शिकायचंय, ऑटो स्टार्ट नकोय.

प्रतिसाद:
तुम्ही लिव्हर हलवायच्या आधीच आयटीटी चढतेय, यातच उत्तर आहे. इंधन नसेल तर ती चढणारच नाही. म्हणजे हवेचा प्रवाह पुरेसा व्हायच्या आत कुठूनतरी इंधन जातंय. स्टार्टरचा स्विच स्टार्टऐवजी मोटरवर टाका. त्यात इग्निशन नसतं, त्यामुळे काही जळणार नाही. फ्युएल फ्लोचा काटा शून्यावर राहतो का बघा. राहिला नाही तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कंडिशन लिव्हरचा अक्ष (लिव्हर किती सरकलाय याची नोंद) तपासा. आणि लागोपाठ स्टार्टर मारू नका: ३० सेकंद चालू, ६० सेकंद विश्रांती, असं तीनदा, मग अर्धा तास थांबायचं.

मूळ प्रश्नकर्ता:
सापडलं! मोटरवर टाकलं तर फ्लोचा काटा शून्यावरून थरथरत वर येत होता. सेटिंगमध्ये पाहिलं, तर लिव्हर अगदी तळाला टेकवूनही अक्षाची पट्टी ० आणि ३ टक्क्यांमध्ये लुकलुकत होती. आतला पोटेन्शिओमीटर (लिव्हरची जागा मोजणारा भाग) झिजलाय बहुतेक. तळाशी ५ टक्के डेडझोन (तेवढी हालचाल दुर्लक्षित होते) दिला आणि पुन्हा सुरू केलं. एनजी १४, लिव्हर लो आयडलला, आयटीटी ७०० च्या जरा वर जाऊन खाली आली, एनजी ५२. मग स्टार्टर बंद केला. मनापासून आभार. पोटेन्शिओमीटर कुणी स्वतः साफ केला असेल तर कशाने केला, तेवढं सांगा.